गव्हाणीपुढचा सॅक्सोफोन

या अंकाच्या संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "तुमचा संघर्ष लिहा." मी म्हटलं, बाई, माझ्या आयुष्यात खरा संघर्ष केला तो माझ्या खालच्या ओठाने. सॅक्सोफोन वाजवणाऱ्याच्या खालच्या ओठाला आतून दात लागून लागून घट्टा पडतो, आणि तिखट खाताना तो रोज आठवण करून देतो. बाईंना एवढा संघर्ष पुरेसा वाटला नाही. "नाही, पण बीडसारख्या भागातून, जॅझ फ्यूजनमध्ये..." असं म्हणून त्यांनी वाक्य अर्धं सोडलं. हे अर्धं वाक्य मी उभा जन्म ऐकत आलोय. बीडसारख्या भागातून माणूस कलेक्टर होतो, ऊसतोडीला जातो, मंत्रीसुद्धा होतो, त्याचं कोणाला काही वाटत नाही. सॅक्सोफोन वाजवला की मात्र खुलासा द्यावा लागतो.

तर आधी वाद्याबद्दल. सॅक्सोफोन दिसायला पितळेचा, पण त्याचा आवाज निघतो तो तोंडात धरायच्या भागाला बांधलेल्या एका पातळ पट्टीतून. आम्ही तिला पत्ती म्हणतो. नदीकाठच्या बोरूसारख्या नळापासून ती तासून काढतात. पत्ती ओली असेल तरच बोलते. म्हणून वाजवायच्या आधी आम्ही ती तोंडात घोळवत बसतो, आणि समोरच्यांना वाटतं कलावंत विचारात गढलाय. दुष्काळी भागातल्या माणसाने नेमकं ओलाव्यावर चालणारं वाद्य धरावं, यात कोणाला काव्य दिसत असेल तर दिसो. मला वैशाखातल्या वरातीत फक्त तहान दिसायची.

हे वाद्य माझ्या हाती आलं ते सहकारामुळे. आमचं गाव धारूरच्या पलीकडे, डोंगराच्या कडेला. बहात्तरच्या दुष्काळातून माणसं नुकती सावरली होती आणि जो उठेल तो संस्था काढत होता. दुधाची संस्था, कोंबड्यांची संस्था, सूतगिरणी निघणार म्हणून नुसतीच शेअर गोळा करणारी संस्था. आमच्या भागाचे पुढारी आबा. मोठे जमीनदार, बोलायला गोड, माणसाच्या खांद्यावर हात ठेवला की त्या माणसाला आपलं काम झालंच असं वाटायचं. पुढे ते साखर कारखान्याचे चेअरमन झाले. (कारखान्याचं नाव लिहीत नाही. जिल्ह्यातल्यांना कळेल आणि बाकीच्यांना कळून उपयोग नाही.) तर या आबांनी एक दिवस ठरवलं की वाजंत्र्यांचाही सहकार झाला पाहिजे. झालं, बँडवादकांची सहकारी संस्था निघाली आणि आबा तिचे चेअरमन झाले. आबांना सुराचा कान अजिबात नव्हता. क्लॅरिनेट आणि कारखान्याचा भोंगा यांत त्यांना फरक कळत असेल तर तो वेळेवरून.

संस्थेत घ्यायला आबांना माझे वडील हवे होते. वडिलांचं नाव किसन. परगावच्या एका बँडमध्ये ते क्लॅरिनेट वाजवायचे. पण त्याआधीची गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या घराण्यात हलगी होती. माझा आजा गावाची हलगी वाजवायचा, म्हणजे गाव म्हणेल तेव्हा, गाव म्हणेल तिथे. लग्न, जत्रा, दवंडी, मयत. पाटलाच्या घरी कोणी गेलं की आज्याने हलगी घेऊन पुढे चालायचं आणि नंतर परड्यात बसून शिळं खायचं. छप्पन साली आमच्या घराने बुद्ध धम्म घेतला, त्या दिवशी आज्याने हलगी चुलीत घातली. वडिलांना तेव्हा मिसरूड फुटलं होतं, आज्याच्या मागे हलगी वाजवून ते तयार झाले होते. त्यानंतर त्यांनी हलगीला हात लावला नाही. बँडचं त्यांना चालायचं, कारण बँडला सुपारी असते, अंगात कोट असतो, आणि नाही म्हणता येतं.

आबा घरी आले तेव्हा वडिलांनी एवढंच सांगितलं, "येतो. पण आमाला बोलवायला माणूस घरी यावा लागंल, आन् जेवायला आमी पंगतीत बसू. न्हाई तर न्हाई."

"अरे किसन्या, सहकार म्हंजे काय मग? समदे एकाच पंगतीत!" आबा म्हणाले. ते स्वतः मात्र चहा न घेता गेले.

वाद्यं आणायला खरेदी समिती हैदराबादला गेली. समितीत आबांचे दोन भाऊबंद आणि डेअरीचे सचिव. वाजवणारा एकही घेतला नाही, कारण वाजवणाऱ्याचा त्यात स्वार्थ असतो असं आबांचं मत होतं. समितीने ढोल घेतले, ताशे घेतले, क्लॅरिनेटं घेतली, आणि दुकानात एक मोठं वळणदार वाद्य टांगलेलं दिसलं ते घेतलं. का घेतलं? तर त्याला खटके जास्त होते. इंजिन घेताना जसे जास्त पुर्जे असलेलं घ्यावं, तसा हिशेब. गावात आल्यावर ते सगळ्यांनी हाताळलं. एकाने नळीत डोकावून पाहिलं. कोणालाच वाजवता येईना. शेवटी तोंडात धरायची पद्धत क्लॅरिनेटसारखी म्हणून ते वडिलांकडे आलं. वडिलांनी एकदा फुंकलं आणि खाली ठेवलं. "हे माझ्यासारख्याचं न्हाई. लई रडतंय." मी तेव्हा बारावी नापास होऊन घरीच होतो, म्हणजे संस्थेच्या दृष्टीने उपलब्ध होतो. मी उचललं. माझ्या कारकिर्दीचा पाया असा खरेदी समितीच्या चुकीवर उभा आहे.

लग्नातल्या बँडमध्ये मी काही वर्षं घासलो. तिथे एक विद्या मिळते, ती पुढे कुठल्याही शाळेत मिळत नाही: समोर काहीही चालू असो, चाल सोडायची नाही. उमापूरला एका दुष्काळी उन्हाळ्यात वरात ऐन रंगात होती. पोरं नाचत होती, नवरदेव घोड्यावर. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी पाण्याचा टँकर आला. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच वऱ्हाड गायब झालं. नाचणारी पोरं घरात घुसून हंडे घेऊन आली, करवल्या कळशा घेऊन धावल्या, खुद्द नवरदेवाचा मामा पायपावर लोंबकळत होता. आम्ही वाजवतोय आणि पुढे फक्त घोडा आणि नवरदेव. वडील पुढे होते, त्यांनी मागे वळून नुसती मान हलवली: चालू ठेवा. थोड्या वेळाने नवरदेवानेही घोड्यावरून उडी मारली, बाशिंगासकट. मग आम्ही घोड्यासाठी वाजवलं. घोडा मन लावून ऐकत होता. त्याच्याइतका शांत श्रोता मला पुढे पुण्यातल्या सभागृहांतही क्वचित मिळाला.

पुण्याला गेलो ते एका हॉटेलात वाजवायला. तिथली विद्या उलटी: वाजवायचं, पण कोणाला ऐकू येता कामा नये. एक गृहस्थ दर शनिवारी यायचे आणि वेटरकडून निरोप पाठवायचे, "जरा हळू, सूप चालू आहे." सूप झालं की त्यांचीच बायको निरोप पाठवायची, "जरा मोठ्याने, यांच्या गप्पा चालू आहेत." दोघांच्या मधल्या आवाजात मी तीन वर्षं काढली. माझा सूर मऊ झाला तो या जोडप्यामुळे. देव त्यांचं भलं करो, ती अजून एकत्र असतील तर.

तिथेच समीर भेटला. समीर कीबोर्ड वाजवायचा, चांगल्या घरचा, हुशार, मनाने खरंच साफ. त्याने मला जॅझ शिकवलं. जॅझ म्हणजे काय असं मला अजूनही लोक विचारतात. सोपं आहे. सगळ्यांनी मिळून एक चाल वाजवायची. मग एकेकाने ती चाल सोडून हिंडायला निघायचं, हवं तिथे जायचं, पण बाकीचे जिथे उभे आहेत तिथे वेळेवर परत यायचं. कीर्तनकार अभंगाची एक ओळ धरून तासभर गावभर फिरवून आणतो आणि नेमका त्याच ओळीवर येऊन उभा राहतो, तसंच. फ्यूजन म्हणजे त्यापुढची पायरी. यात दोघं निघतात, दोघांनाही एकमेकांचा रस्ता माहीत नसतो, आणि वाट चुकली की श्रोते डोळे मिटून मान हलवतात. मी थट्टा करतोय असं वाटेल. करतोयच. पण जेव्हा ते जमायचं, आणि महिन्यातून एकदा तरी जमायचं, तेव्हा माझ्या अंगावर काटा यायचा. तेवढ्यासाठी मी जगलो, हे खरं आहे.

वडिलांना हे काही पटायचं नाही. लग्नातलं माझं वाजवणं त्यांनी ऐकलं होतं, तिथे ते माझे वस्ताद होते. पुण्यातलं वाजवणं ऐकायला ते कधी आले नाहीत. एकदा मी कॅसेट लावून दिली. त्यांनी थोडी ऐकली आणि म्हणाले, "तू चालीवरून चाललाच न्हाईस. चालीच्या शेजारून चाललायस." आणि कॅसेट बंद केली. मला पुढे पेपरात नाव मिळालं, टीव्हीवर दिसलो, दोनदा परदेशी जाऊन आलो. पण मला हवं होतं ते एवढंच, की या माणसाने एकदा समोर बसून माझं सगळं ऐकावं आणि चांगलं की वाईट ते तोंडाने सांगावं. दुसऱ्या कोणी दाद दिल्याने ते भरून निघत नव्हतं. हे लिहायला मला या वयातही संकोच वाटतो, पण खरं ते खरं.

आमच्या ग्रुपचं नाव झालं ते एका चीजेमुळे. एका तालमीला समीर म्हणाला, "यशवंत, तुझ्या मातीतलं काहीतरी दे ना." पुण्यात माझी ओळख 'मातीतला' अशीच करून द्यायचे. मी रोज दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून जायचो, तरी. मी विचार केला, मातीतलं म्हणजे काय द्यावं? आणि एक ठेका आठवला. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही सगळं घर सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचो. मी लहान होतो, आईबरोबर खडी वेचायचो. दुपारच्या सुट्टीत वडील कधी कधी बाभळीखाली एकटेच बसायचे, रिकामं घमेलं मांडीवर उलटं घ्यायचे आणि बोटांनी हळूहळू वाजवायचे. दोन सावकाश ठोके, मग मोठी थांब, मग घाईघाईचे काही, आणि पुन्हा थांब. रोज नाही, अधूनमधून. मला वाटायचं, ही त्यांची विरंगुळ्याची चाल. पोटात काही नसताना ती ऐकत मला झोप लागायची.

सॅक्सोफोनवर जिभेने पत्तीला थाप मारता येते. मग सूर न येता कोरडा टप् असा आवाज येतो, कातड्यावर काडी पडल्यासारखा. मी त्या थापेने तो ठेका धरला आणि त्यावर सूर सोडला. समीर उडालाच. "हे काय आहे? यात केवढी ऊर्जा आहे! सुगीचा नाच वाटतो." त्याने त्या चीजेला नाव दिलं 'हार्वेस्ट'. मीही म्हटलं, असेल. बापाला विचारावं असं माझ्या डोक्यात आलं नाही. जिथे तिथे 'हार्वेस्ट'ची फर्माईश व्हायला लागली. मधल्या थांबेत पोरं टाळ्या वाजवायची. एका बड्या कंपनीच्या वार्षिक समारंभात तर साहेब लोक ओळीने कमरेवर हात ठेवून त्यावर नाचले.

ही कीर्ती यथावकाश आबांपर्यंत पोचली.

त्या साली पुन्हा दुष्काळ होता. पावसाळा नुसता ढग दाखवून गेला होता. जनावरं छावणीत होती. दसऱ्यानंतर आमच्या भागातली हातापायाने धड असलेली माणसं तशीही ऊसतोडीला पश्चिमेकडे जातात. त्या वर्षी तर जी कधी गेली नव्हती तीही गेली. गावात राहिली ती म्हातारी. उसाचा पत्ता नव्हता, पण कारखान्याची निवडणूक तोंडावर होती, त्यामुळे गळीत हंगामाचा शुभारंभ होणं भागच होतं. उसाची पहिली मोळी ज्या पट्ट्यावर टाकतात त्याला गव्हाण म्हणतात. गव्हाणीत मोळी टाकायची, मग यंत्रं चालू करायची, मग भाषणं, असा रिवाज. त्या वर्षीची मोळी दुसऱ्या जिल्ह्यातून जीपने आणली होती. तिला हार घातला होता, आणि दोन माणसं तिच्यावर पाणी शिंपडत बसली होती.

आबांचा मला पुण्याला फोन आला. "यशवंतराव, आपल्या भूमिपुत्राचा सत्कार कारखान्यानं करायचा न्हाई तर कोणी? ते तुमचं हार्वेस्ट वाजवायचं. म्हंजे सुगी न्हवं का? झकास! मोळी पडली की चालू करायचं."

मी एकच अट घातली, की वडिलांना मानाने बोलवा. आबांनी खरंच जीप पाठवली, आणि ज्या माणसाला ते जन्मभर किसन्या म्हणत आले त्याला ड्रायव्हरकरवी निरोप दिला, "किसनरावांना म्हणावं, पहिल्या रांगेत खुर्ची ठेवलीय." वडील येतील असं मला वाटलं नव्हतं. ते आले. धुवट पांढरा सदरा, डोक्याला काही नाही, हातात काठी. मला म्हणाले, "बघू तर खरं, सुगी कशी वाजवतोस."

मांडवात बसलेली सगळी मंडळी म्हातारी. फेटे, टोप्या, बायकांचे पदर. शाल झाली, नारळ झाला. आबांनी माझी स्तुती केली ती एवढी की मीच मागे वळून पाहिलं, कोणाबद्दल चाललंय. मग मोळी गव्हाणीत पडली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पत्ती तोंडात घोळवून तयारच होतो. वडील समोर बसलेले, काठीवर दोन्ही हात. मी चालू केलं.

दोन सावकाश थापा. थांब. पुण्यात इथे टाळ्या येतात. इथे काहीच आलं नाही. घाईच्या थापा. पुन्हा थांब. आणि त्या थांबेत मागून एका म्हाताऱ्याचा आवाज स्वच्छ ऐकू आला. पांडबा म्हणून कारखान्याचे जुने सभासद होते, कानाने अधू, त्यामुळे हळू बोलायची सवय नव्हती. ते शेजाऱ्याला विचारत होते, "कोण गेलं रं?"

माझी जीभ सवयीने पुढे वाजवत होती. मी पाहतोय, मागच्या रांगा उभ्या राहायला लागल्या. टोप्या हातात आल्या. बायकांनी पदर पुढे ओढले. बाकी कोणी कोणाला विचारत नव्हतं, सगळ्यांना ओळख पटली होती. एका म्हातारीने तर कोण गेलं ते कळायच्या आधीच गळा काढला. आणि मला कळलं. मी पुण्यामुंबईत, विलायतेत, साहेबांच्या समारंभात जे वाजवत फिरत होतो, ती मयताची हलगी होती. माझ्या आज्याची. गावभर मढ्याच्या पुढे चालायची ती. व्यासपीठावर आबा तेवढे बोटांनी ताल धरून प्रसन्न बसले होते.

वडील उठले. काठी टेकत माझ्यापुढे आले आणि सॅक्सोफोनच्या तोंडावर त्यांनी तळहात ठेवला. मी थांबलो. त्यांच्याकडे बघायची माझी छाती होईना. त्यांनी आणि आज्याने जे चुलीत घातलं होतं, ते मी शाल पांघरून कारखान्याच्या दारात वाजवत होतो.

आबा हसत म्हणाले, "कावून थांबवलं किसनराव? झकास चाललं हुतं की."

वडिलांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "आबा, ही चाल अशी वाजत नसती. ज्याच्या घरचं असंल त्यानं बोलवाय यावं लागतं. आमी आता न बोलवता जात न्हाई. पोराला कोणी बोलावलं?"

"म्हंजे काय, मी बोलावलं!" आबा म्हणाले. "मी सोता फोन केला. चेअरमन म्हनून."

तेवढ्यात एका संचालकाने वाकून आबांच्या कानात ही चाल कशाची ते सांगितलं. आबांचा चेहरा मी पाहिला. बोललेलं परत घ्यावं तर सगळा मांडव ऐकून बसलेला.

वडिलांनी वाद्याच्या तोंडावरून हात काढला. "मग वाजव," मला म्हणाले. "पुरं वाजव. ही अर्धी टाकत नसत्यात."

मी वाजवलं. 'हार्वेस्ट' नाही वाजवलं. चाल सोडून हिंडायला गेलो नाही, चालीच्या शेजारूनही चाललो नाही. नुसती थाप, आणि तिच्या मागून एक लांब सूर, तोही कमी कमी करत आणला. वडील माझ्या बाजूला उभे होते आणि काठी जमिनीवर टेकवत होते. जिथे मला पुढचं येत नव्हतं तिथे ती काठी मला नेत होती. मांडव उभा होता. यंत्रं मागे घरघरत होती, गव्हाणीत ती उपरी मोळी चेचली जात होती. संपलं तेव्हा कोणी टाळी वाजवली नाही. लोक हळूहळू चालायला लागले, मयताहून परतताना चालतात तसे, मागे न बघता. भाषणं झालीच नाहीत.

परत येताना आबांची जीप वडिलांनी नाकारली. एसटीत आम्ही शेजारी बसलो. गाडी धारूरचा घाट चढली. मग म्हणालो, "दादा, मला खरंच माहीत नव्हतं."

"कुठून म्हाईत असंल? मी सांगितलंच न्हाई."

"मग खडीवर कावून वाजवायचा तुमी? हलगी तर टाकली होती."

ते खिडकीतून बाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, काळं रान. "त्या साली खडीवर माणसं मरायची," ते म्हणाले. "कुठली कुठली आलेली. दुपारी कळायचं, ह्यो गेला, ती गेली. पुढं वाजवायला कोन हुतं त्यांच्या? मुकादमानं हजेरीत दांडी लावायची आन् झालं. मग मी घमेल्यावर वाजवायचो. हळू. कोनाला ऐकू येऊ नये असं."

"पण तुम्हाला तर कोणी बोलावलं नव्हतं."

"आपल्या मान्साला बोलवाय लागतं व्हय रं?" ते म्हणाले. मग तिकीट खिशात घालत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "चांगलं वाजवलंस."

मी एसटीत, भर प्रवाशांत, लहान पोरासारखा रडलो. कंडक्टरने विचारलं, कोणी गेलं का घरचं? वडिलांनी त्याला सांगितलं, "न्हाई, न्हाई. सत्कार झालाय त्येचा."

तो हंगाम आठवडाभरसुद्धा चालला नाही. चेचायला ऊसच नव्हता, तर यंत्रं काय करणार? पण विरोधी पॅनेलने गावोगाव सांगितलं, की कारखान्याच्या मयताचं बोलावणं आबांनी स्वतः फोन करून धाडलं होतं. आबा पडले. त्यात माझ्या वाजवण्याचा वाटा किती आणि न पडलेल्या पावसाचा किती, हे ठरवणं माझं काम नाही. पुढे ते मला बीडच्या स्टँडवर भेटले, तेव्हा खांद्यावर हात ठेवून हसलेच. "लई भारी वाजवलंस बाबा. आता माझ्या टायमाला घरच्यांच्या भरवशावर ऱ्हात न्हाई. बोलावणं आत्ताच देऊन ठिवतो." पुढाऱ्याचा हा गुण मी मानतो. मी गेलो त्यांच्या वेळी. वाजवलं आणि पंगतीत जेवलो.

वडीलही आता नाहीत. त्यांच्या वेळी मला बोलवायला कोणी आलं नाही, आणि मी कोणाची वाट पाहिली नाही.

राहिला प्रश्न 'हार्वेस्ट'चा. मी समीरला सगळं सांगितलं. तो हादरला, त्याला मनापासून वाईट वाटलं, आणि मग म्हणाला की आता तर हे आणखीच सखोल झालं. चीज बंद करू या, असं मी म्हणून पाहिलं. पण लोक मागतात. तिकीट काढून आलेले असतात, चांगल्या कपड्यांतले, पोरंबाळं घेऊन आलेले. सभागृह गार असतं, बाहेर गाड्या उभ्या असतात, बीडला टँकर चालू असतात. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांच्यातलेच काही मला जीव लावतात.

तेव्हा मी वाजवतो. पण वडिलांचा नियम पाळतो. वाद्य तोंडाला लावायच्या आधी माईकपाशी जातो आणि विचारतो, "मला कोणी बोलावलंय?" त्यांना वाटतं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. सगळं सभागृह हात वर करून एका आवाजात ओरडतं, "आम्ही!"

मग मी वाजवतो. पुरं वाजवतो.